भाजे गावचा ओढा ते विंचूकाटा : डोंगरातल्या पहिल्या दिवसासाठी एक सोपी वाट

डोंगरात पहिल्यांदाच जायचं आहे, कुठे जावं, असं कुणी विचारलं की आम्ही एक वाट हमखास सांगतो. मळवली स्टेशनात उतरायचं, भाजे गावातून ओढ्याच्या दरीनं गायमुख खिंड गाठायची, लोहगड चढायचा, गडाच्या वायव्य अंगाला निघालेली विंचूकाट्याची सोंड, म्हणजे डोंगराची निमुळती धार, टोकापर्यंत चालायची आणि आल्या वाटेनं परतायचं. दोर लागत नाही, वाटाड्या लागत नाही. खिंडीपर्यंत गाडीरस्ता, गडावर दगडी पायऱ्या आणि शेवटी मोकळी धार, अशी तीन तऱ्हांची चाल एकाच दिवसात पायाखाली येते. सवय नसलेल्या माणसाला शिकायला याहून बरी जागा पुण्या-मुंबईच्या टप्प्यात क्वचितच सापडेल.

वाट सोपी असली तरी इथे पाय मुरगळतात, लोक घसरतात, अंधारात अडकतात. मुळाशी बहुतेकदा उशिरा निघणं असतं. उशीर झाला की घाई होते, आणि ओल्या पायऱ्यांवर घाई झाली की पाय चुकतो. म्हणून आधी घड्याळ, मग बाकीचं.

वेळेचा हिशेब

मळवली ते विंचूकाट्याचं टोक आणि परत, असं सगळं मिळून १६ ते १८ किलोमीटर भरतं. लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर आहे. मळवली मुळातच घाटमाथ्यावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ ४०० मीटरच्या आसपास राहतो. नवख्या माणसानं ताशी ३ किलोमीटर धरावेत आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वर घालावीत. जाताना सुमारे साडेआठ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ म्हटलं तर साडेतीन तास झाले. उतरताना चढ नसतो, पण गुडघे दमलेले असतात, म्हणून तीन तास धरावेत. त्यात जेवण, गड बघणं आणि थांबे मिळून अडीच तास. म्हणजे नऊ तासांचा दिवस झाला.

हे वेळापत्रक जमतं : सकाळी ७ वाजता मळवली, साडेसातला भाजे, ९ वाजता गायमुख खिंड, सव्वानऊला गडाच्या पायथ्याची लोहगडवाडी, १० वाजता महादरवाजा, पावणेअकराला विंचूकाट्याचं टोक. दुपारी साडेबाराच्या सुमारास वाडीत परत येऊन जेवण, दीडला उतरायला सुरुवात, तीनला भाजे लेणी, चारला स्टेशन. काहीही झालं तरी दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे निघण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवून टाकावं. वर गेल्यावर ‘अजून थोडंच राहिलंय’ असं वाटतंच, आणि त्या क्षणी हा निर्णय कुणाला घेता येत नाही.

पुण्याहून लोणावळा लोकल थेट मळवलीला थांबते. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याच्या दिशेची लोकल धरावी, मळवली पहिलंच स्टेशन. दुपारच्या सुमारास या लोकलच्या फेऱ्यांमध्ये मोठा खंड असतो, तेव्हा परतीची गाडी सकाळीच बघून कागदावर लिहून ठेवावी. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद चालतो.

शनिवार-रविवार, त्यातही जुलै-ऑगस्टमधला, शक्यतो टाळा. गडाच्या पायऱ्या अरुंद आहेत आणि दरवाजातून एका वेळी मोजकीच माणसं जाऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये एका सुट्टीच्या दिवशी इथे अशी कोंडी झाली की लोक तासन्‌तास पायऱ्यांवर अडकून पडले. ज्यांना रविवारच मोकळा आहे त्यांनी पहिली लोकल धरावी.

कोणत्या महिन्यात

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा नवख्यांसाठी उत्तम काळ. ओढ्याला पाणी असतं, पण तो अंगावर येत नाही. उतारांवर सोनकीच्या फुलांची पिवळी चादर पसरलेली असते आणि वाट बऱ्यापैकी सुकलेली असते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि नजर लांबवर जाते. मार्चनंतर सोंडेवर सावलीचं नाव नाही. तेव्हा गेलात तर ११ वाजण्याआधी धार सोडा. जून ते ऑगस्टमध्ये दरी सगळ्यात देखणी आणि तितकीच फसवी असते. पहिली खेप पावसाळ्यातच करायची असेल तर बरोबर वाट माहीत असलेलं निदान एक माणूस हवं. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही निघतात : कुठे पाण्यात उतरायचं नाही, किती वाजेपर्यंत थांबायचं. आदल्या रात्री ते पाहून घ्या.

पाठपिशवीत काय

पिशवीचं वजन पाण्यासकट पाच किलोच्या वर जाऊ देऊ नका. ऑक्टोबर ते मे माणशी ३ लिटर पाणी, पावसाळ्यात २ लिटर. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यावेत. घामानं मीठ जातं, म्हणून एक लिटरच्या बाटलीत ओआरएसचं एक अख्खं पाकीट घालावं. अर्धं पाकीट अर्ध्या बाटलीत अंदाजानं घातलं तर प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाण्याला दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दोन केळी पुरतात. लोहगडवाडीत पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि चहा मिळतो. तरीही एका वेळचं खाणं स्वतःजवळ असावं.

बुटांवर थोडं थांबू या, कारण या वाटेवरचे निम्मे त्रास तिथेच सुरू होतात. तळ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या कातळावर साबणासारखा सरकतो. अंगठ्याच्या नखाने तळ दाबून पाहा, किंचित दबला तर रबर मऊ आहे, धरून ठेवेल. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पुढे अंगठ्यापासून अर्धा इंच मोकळी जागा हवी, नाहीतर उतरताना अंगठे पुढे आपटून नखं काळी पडतात. नवे बूट आणून दुसऱ्या दिवशी डोंगरात जाऊ नये, दोन आठवडे घराजवळ घालून फिरावं. कपाटात दोन-तीन वर्षं पडून असलेले जुने बूट त्याहून वाईट : वापर नसला तरी तळ चिकटवणारा पदार्थ जुना होतो आणि पाणी लागताच तळ सुटून लोंबू लागतो. निघण्याआधी तळ हाताने ओढून बघा. दीड मीटर नायलॉनची दोरी पिशवीत टाका. तळ सुटलाच तर ती बुटाच्या मधल्या भागावरून दोनदा फिरवून वर गाठ मारायची. गाठ तळाखाली आली तर दहा पावलांत तुटते.

बाकी सामान थोडकंच : सुक्या मोज्यांचा एक जोड, विजेरी (मोबाइलची धरू नये), शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, रोजची औषधं. पावसाळ्यात पिशवीच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी लावून सगळं सामान तिच्यात भरावं. बाहेरून घातलेलं कव्हर पाठीकडून पाणी आत घेतंच. दरीतल्या रस्त्यावर छत्री उत्तम, सोंडेवर मात्र वाऱ्याने उलटी होते आणि माणसाला ओढते. तिथे बंद गळ्याचं जर्किनच हवं. पोंचोही (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) शिडासारखा फुगतो, तेव्हा तो नको.

मळवली ते गायमुख खिंड

स्टेशनातून बाहेर पडून भाजे गावाचा रस्ता धरावा. लगेचच द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडावा लागतो. पुलावरून समोर पाहिलं की दोन डोंगर दिसतात. डावीकडचा रुंद, सपाट माथ्याचा विसापूर, आणि उजवीकडे लोहगड. आजची सगळी वाट या दोघांच्या मधल्या दरीतून वर जाणार आहे, एवढं डोक्यात ठेवलं की दिशेचा गोंधळ होत नाही. जाताना विसापूर कायम डाव्या हाताला, येताना उजव्या हाताला.

भाजे गावातून लेण्यांच्या पायऱ्या डावीकडे चढतात. जाताना तिकडे वळू नका, लेणी परतीसाठी ठेवा. ती पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी आत अंधार असतो आणि दुपारनंतर ऊन थेट चैत्यगृहात शिरतं. रस्त्यानं सरळ पुढे चला.

गाव संपलं की चढ लागतो. इथे पहिली चूक होते ती वेगाची. ताजे पाय, गार हवा, म्हणून लोक भरभर चढतात आणि वीस मिनिटांत धापा टाकत बसतात. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त आहे. पाऊल लहान करा, थांबू नका. दर ४५ मिनिटांनी पाच मिनिटं उभ्यानं विश्रांती पुरते. दहा मिनिटांच्या वर बसलं की स्नायू गार पडतात आणि पुन्हा उठणं जड जातं. गटात सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा, आणि वाट माहीत असलेला माणूस शेवटी.

रस्त्याच्या वळणांना तोडणाऱ्या पायवाटा जागोजाग दिसतात. त्यातल्या काही खऱ्या आहेत, काही ढोरवाटा. ओळखायची खूण सोपी : माणसांची वाट सलग आणि एकाच रुंदीची असते, चढावर दगड झिजलेले दिसतात. ढोरवाट पन्नास-शंभर पावलांत फाटे फुटून झुडपात विरते. डोकं लागेल इतक्या खाली फांद्या आल्या की ती गुरांचीच. शंका आली तर रस्ताच बरा, त्याने फार तर पंधरा मिनिटं जास्त लागतात.

ओढा

पावसाळ्यात विसापूरच्या अंगावरून उतरणारं पाणी दरीत जागोजाग वाट आडवी कापतं. हे ओढे आखूड आहेत आणि वरचा डोंगर उघडा कातळ आहे, म्हणून पाणी मुरत नाही. डोंगरावर सर पडली की थोड्याच वेळात ओढा फुगतो, आणि पाऊस थांबला की साधारण तास-दोन तासांत ओसरतो. आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही वर तो पडत असू शकतो.

पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसत असेल तर ओलांडायला हरकत नाही. बूट काढू नका, अनवाणी पायाला शेवाळलेला दगड धरवत नाही. पाठपिशवीचे कंबरेचे बंद सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवून आडवं चालायचं. एका वेळी एकच पाय उचलायचा. गुडघ्याच्या वर पाणी असेल किंवा गढूळ असेल तर थांबायचं. पाण्याचा रंग अचानक तांबूस झाला, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, आवाज जड झाला, तर क्षणभरही न थांबता काठाच्या वर चढा. लगतच्या लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाणी असंच बघता बघता वाढलं होतं. धबधब्याखाली उभं राहण्याचा मोह इथे अजिबात धरू नका. पाण्याबरोबर वरून दगडही येतात.

ओढ्यात दिसणारा हिरवट-काळा तकतकीत दगड सगळ्यात घातक. खरबरीत, फिका दगड दिसेल तिथे पाऊल टाका, तोही ओला असला तरी पाय धरतो.

खिंड आणि गड

गायमुख खिंडीत पोचलात की चढाचा मोठा हिस्सा संपला. डोंगराची ही रांग म्हणजे पाणलोटाची रेघ आहे : अलीकडे पडलेला पाऊस इंद्रायणीला जातो, पलीकडचा पवनेला. दोन्ही पाणी पुढे शेवटी भीमेतच येतं. डावीकडे जंगलात शिरणारी वाट विसापूरची. ती आज घ्यायची नाही. भाजेच्या बाजूनं विसापूरला चढणारी पडक्या पायऱ्यांची वाटही पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि नवख्यांना तिथे वाटाड्या लागतो. आपण उजवीकडे लोहगडवाडीला जायचं.

वाडीत पाणी भरून घ्या, स्वच्छतागृह वापरून घ्या. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. प्रवेशाचं तिकीट लागतं, मुक्काम आणि चूल पेटवणं चालत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्यां’तल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. भिंतीवर नाव कोरणं हा कायद्यानं गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी त्या दगडावर खिळा चालवायला हात धजावू नये.

पायऱ्या नागमोडी चढतात आणि चार दरवाजे ओलांडतात : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. प्रत्येक वळणावर वरच्या तटातून खालचा माणूस माऱ्यात येईल अशी ही रचना आहे. महादरवाजाजवळ थांबून खाली पाहा, चढून आलेली सगळी वाट दरवाजांसकट एका नजरेत बसते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत आला. आज दिसणाऱ्या दरवाजांच्या बांधकामात पुढे नाना फडणीसांचा वाटा मोठा आहे.

चढताना आणि उतरताना भिंतीच्या बाजूने चाला, उघड्या कडेने नको. माकडं इथे धीट आहेत. हातातली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाणं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. खाणं पाठपिशवीत, पिशवीची चेन बंद, आणि माकडाने काही धरलंच तर ओढाताण न करता सोडून द्या. चावा घेतला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी लागते. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं असू शकतात. अत्तर लावून येऊ नका, शिट्ट्या-गोंगाट नको, धूर तर नकोच.

विंचूकाटा

महादरवाजातून आत आल्यावर लक्ष्मीकोठी ही गुहा, नानांनी बांधलेलं सोळा कोनी तळं अशी ठिकाणं पाहत वायव्येकडे सरकलं की गडाची सोंड खाली दिसते. दीड किलोमीटर लांब आणि जेमतेम तीस मीटर रुंद. वरून पाहिलं तर विंचवाने नांगी ताणून धरावी तशी. नाव त्यावरूनच.

सोंडेवर जायला गडाच्या माथ्यावरून थोडं उतरावं लागतं, आणि हाच दिवसभरातला एकमेव टप्पा जिथे हात टेकावे लागतात. उतार आणि दरी पाहून पाठ फिरवून उतरायचा मोह होतो. पण तोंड उताराकडेच ठेवा, गुडघे वाकवा, बसत बसत उतरा. टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवा, म्हणजे जास्त रबर दगडाला लागतं. कोरड्या दिवसांत इथे घसारा असतो. मुरमाचे बारीक खडे गोट्यांसारखे पायाखाली फिरतात. त्यावर लांब पाऊल टाकलं की माणूस बसलाच. दोन माणसांत तीन-चार मीटर अंतर ठेवा आणि दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून मोठ्याने ओरडा.

धारेवर आल्यावर मधोमध चाला. पावसाळ्यानंतर गवत कड्याच्या बाहेर झुकून वाढतं आणि खाली जमीन आहे असं भासवतं, प्रत्यक्षात तिथे हवा असते. कडेपासून दोन मीटर आत, हा नियम फोटो काढतानाही पाळा. दक्षिणेला पवनेचा जलाशय, त्याच्या भोवती तुंग आणि तिकोना हे किल्ले, मागे विसापूर. उत्तरेला ज्या दरीतून चढलात ती दरी आणि द्रुतगती मार्गावरच्या मुंगीएवढ्या गाड्या.

तीन गोष्टी दिसल्या तर टोक न गाठता मागे फिरा. पहिली, पुढचा माणूस दिसेनासा होईल इतकं धुकं. दुसरी, उभं राहताना पाय रोवावे लागतील असा वारा. तिसरी, वीज. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरात दुपारी गडगडाट होतो. चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर धार लगेच सोडायची आणि गडाच्या माथ्यावरही न रेंगाळता खाली यायचं. एकट्या झाडाखाली थांबू नये.

उतरताना

बहुतेक पाय परतीच्या पायऱ्यांवर मुरगळतात. पाऊल लहान, नजर तीन पायऱ्या पुढे, मोबाइल खिशात. काठी असेल तर ती कोपराच्या उंचीपेक्षा थोडी लांब धरा आणि आधी काठी, मग पाय. पाय मुरगळलाच तर बूट लगेच काढू नका, सूज आली की तो परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळून वाडीपर्यंत आधारानं या, तिथून गाडी मिळते. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर जीव जातोय असं दुखत असेल, तर चालवू नका आणि ११२ ला फोन करा. जागा सांगताना ‘लोहगडवर’ एवढं पुरत नाही. कोणत्या दरवाजाजवळ, माणूस शुद्धीवर आहे का, बरोबर किती जण आहेत, हे सांगा. लोणावळ्यातली शिवदुर्ग मित्र ही संस्था या भागात बचावाचं काम करते, खाली वाडीतल्या लोकांनाही ती माहीत असते.

भाजे गावात उतरल्यावर ताकद शिल्लक असेल तर लेण्यांच्या पायऱ्या चढा. बावीस लेणी आहेत, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहात शिरल्यावर वर पाहा : छताला लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. अर्धा-पाऊण तास पुरतो, मग स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांवर.

घरी पोचल्यावर बुटांची नाडी पूर्ण सैल करा, आतला तळवा बाहेर काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा. दोन तासांनी ते ओले होतील, तेव्हा बदला. सुकवायचे ते सावलीत, पंख्याखाली. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेल्या बुटाचा तळ पुढच्या खेपेला ओढ्यातच सुटतो.